ट्रॉफी नको, दोरी धरायला या

कोल्हापुरातल्या समस्त तालीम मंडळांच्या आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका मंडळाचे दोन कार्यकर्ते घरी येऊन गेले. आमच्या शिडाच्या होडीचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर बघितला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग थोरल्यानं विषय काढला. "ताई, शर्यती लावा. ट्रॉफी आमची. पेठवार संघ पाडू, फिरता चषक ठेवू, बक्षीस समारंभाला पाहुणे आणू. नुसतं पाण्यावर फिरण्यात काय हाय? ईर्षा पायजे की!"

मी म्हटलं, विचार करून सांगते. ते गेले आणि मला कळून चुकलं की आज एक मंडळ आलं, उद्या दुसरं येईल, परवा दोघांत आधी कोण आलं यावरून लागेल. म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते. उत्तर नाही असं आहे. पण ते नुसतं नाही म्हणून सोडावं असं नाही, कारण तुमच्याकडून मला दुसरं काहीतरी हवंय. ते शेवटी सांगते.

आधी माझी ओळख. मी मंगळवार पेठेत वाढले. आमच्या दारापासून तालमीचा कट्टा चाळीस पावलांवर. थोरला भाऊ रात्री अकरापर्यंत तिथंच. वडिलांना दवाखान्यात रक्त लागलं तेव्हा तासाभरात अकरा जण उभे राहिले, ते तालमीचे. माझ्या लग्नात पंगती वाढल्या त्याही तालमीच्या पोरांनी. शाहू स्टेडियमवर तालमीचा संघ फुटबॉलचा सामना हरला की आमच्या घरात त्या रात्री आमटीला मीठ कमी पडलं तरी कुणी बोलायचं नाही. त्या कट्ट्यावर मी मात्र आयुष्यात एकदाही बसलेले नाही. बसू नको असं मला कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची वेळच आली नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही, पण एखाद्या टोळक्याचं असणं म्हणजे काय हे मी इतकी वर्षं खिडकीतून बघितलंय आणि आता बावन्नाव्या वर्षी ते मला मिळालंय, ते एका गळक्या होडीत. तेव्हा त्याबद्दल मी जरा हळवी आहे, हे समजून घ्या.

सुरुवात 2019च्या पुरातली. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या ऑगस्टात पाणी 55च्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तुमची पोरं गळ्याएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवरून आणत होती, ते आम्ही गच्चीवरून बघत होतो. गच्चीवर आम्ही पाच घरांतली माणसं. त्यात कुणालाच होडी वल्हवता येत नव्हती. खाली एक रिकामी होडी दोरीला बांधलेली हलत होती आणि आम्ही पाच सुशिक्षित माणसं तिच्याकडे बघत उभी. पुरात गुळाची काहील पाण्यात ढकलून तिच्यातून माणसं आणणारा आपला जिल्हा, आणि आमची ही तऱ्हा. ती लाज मनात राहिली. पूर ओसरल्यावर, चिखल काढून झाल्यावर, आम्ही चौघं एका धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणाऱ्या एका गड्याकडे वल्हवायला शिकायला गेलो.

(हे सांगितलं की लोक म्हणतात, मग पुढच्या पुरात तुमची होडी का आली नाही? शिडाची होडी पुरात काही कामाची नसते. प्रवाहाचा जोर, वर विजेच्या तारा, खाली बुडालेल्या गाड्या आणि मध्ये डोलकाठी. तिथं वल्ह्याची आणि इंजिनाचीच होडी लागते. 2021ला आमच्यातले दोघं वल्हं धरायला गेले, शीड घरीच होतं.)

शिडाचं खूळ आणलं ते आमच्यातल्या एका पॅटर्नमेकरनं. शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यासाठी लाकडी नमुने करण्यात त्याचं आयुष्य गेलंय. वल्हवून दंड भरून आले, वारा आपसूक वाहतोय, मग आपण का राबायचं, असा त्याचा साधा हिशेब. मरीन प्लायवुडची अकरा फुटी सपाट बुडाची होडी त्यानं गोठ्यात बसून केली. डोलकाठी कळकाची. सुकाणूच्या बिजागऱ्या उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. शीड कशाचं करायचं हा प्रश्न मात्र अडला, कारण खऱ्या शिडाचं कापड बाजारात मिळेना, आणि ताडपत्री फारच जड.

इथं तुमचे उपकार येतात. तुमच्या एका मंडळाचा उतरवलेला फ्लेक्स आमच्या गल्लीत गुंडाळून पडला होता. तो आम्ही कापला. काठाला शिलाई घातली ती मंडपाच्या कनाती शिवणाऱ्या शिंप्यानं, आणि पहिल्या दिवशी होडी पाण्यात गेली तेव्हा शिडावर उलट्या अक्षरांत "वाढदिवसाच्या हार्दिक" एवढं होतं आणि शुभेच्छा होडीच्या दुसऱ्या अंगाला राहिल्या होत्या. वर एका भावी नगरसेवकाचा चष्म्यासह अर्धा चेहरा. वारा भरला की गाल फुगायचे. काठावरची गुराखी पोरं हसून लोळली. पण होडी चालली! हातात वल्हं नाही, इंजिन नाही, आवाज नाही, आणि होडी चालली. बुडाखाली पाणी खळखळायला लागलं तेव्हा पॅटर्नमेकर एवढंच म्हणाला, "आयला, खरंच की."

फ्लेक्सचं शीड दोन महिन्यांत घडीवर फाटलं. ते ताणतं, आकार धरत नाही, वाऱ्याचं पोटच राहत नाही त्यात. पुढं मुंबईहून एक जुनी फायबरची होडी आणली, लेझर जातीची, चौदा फुटांच्या आसपास, एका माणसाची, टेम्पोत आडवी घालून. हल्ली तिला इल्का म्हणतात. 1996पासून ही होडी ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि विष्णू सरवणन यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, 2023 साली, याच जातीच्या होडीवर कांस्यपदक मिळवलं. आमच्या होडीला हे आम्ही सांगितलेलं नाही, उगाच तिला वाईट वाटायचं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. नुसतं फिरण्यात काय आहे?

एक तर ते नुसतं फिरणं नाही. वारा जिकडून येतो तिकडं होडी सरळ जाऊच शकत नाही. नाक वाऱ्यात घातलं की शीड फडफडतं आणि होडी उभी राहते. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण 45 अंश सोडून, तिरकं जावं लागतं, थोडं डावीकडं, मग वळून थोडं उजवीकडं. पन्हाळ्याला गाडी सरळ चढत नाही, वळणं घेत चढते, तसंच. फरक इतकाच की इथला घाट दिसत नाही आणि तो दर पाच मिनिटांनी जागा बदलतो. पाण्यात उभी उतरवलेली फळी नसेल तर होडी खेकड्यासारखी आडवी सरकते. वळताना शिडाखालची आडवी काठी एका अंगाहून दुसऱ्या अंगाला येते. तिला बूम म्हणतात, आणि डोक्याला लागली की का म्हणतात ते कळतं. मी सहा वेळा शिकलेय.

आणि वारा बघायला लागतो. वारा दिसत नाही असं आपण म्हणतो, ते जमिनीवर. पाण्यावर तो चालत येताना दिसतो. लांबवर पाण्याचा रंग गडद होतो, बारीक सुरकुत्या धावत येतात, आणि तुम्ही मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत शीड भरतं. डोंगर जवळ असले की वारा चकवतो, घळीतून एकदम येतो, टेकडीमागं मरतो. थंडीत सकाळी पाणी आरशासारखं, आम्ही तासभर एका जागी बसून भडंग खातो. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून, घाटाकडून वारा उठतो, तो खरा. चाळीस वर्षं कोल्हापुरात काढली तरी वारा कुठल्या बाजूनं येतो हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. आता दुधाची पिशवी आणायला गेले तरी पहिली नजर झेंड्याकडं जाते.

पण ही सगळी कला झाली, आणि कला एकट्यानंही करता येते. मला सांगायचंय ते टोळक्याबद्दल.

आमच्या टोळक्याला नाव नाही. अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही, टी-शर्ट नाही. पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, हे दोन सोडले तर नियमही नाहीत. होडी टेम्पोतून उतरवून पाण्यापर्यंत न्यायला जो हात लावतो तो सभासद. लेझरचं नुसतं कवच साठ किलोच्या आसपास, शिवाय काठ चिखलाचा, म्हणजे चार माणसं तरी लागतातच. या चौघांत कोण आहे हे होडीला माहीत नसतं. एक डॉक्टर आहेत, एक रिक्षावाला, पॅटर्नमेकर, मी, कॉलेजातली दोन पोरं, आणि एक निवृत्त मास्तर. मास्तरांना पोहायला येत नाही आणि शिकायचंही नाही. ते काठावर स्टोव्ह पेटवून चहा करतात आणि एका वहीत दर रविवारचा वारा लिहितात. किती वाजता उठला, कुठून आला, कधी मेला. वहीत एका जागी "आज वारा नाही. डॉक्टर बोलत होते." असंही आहे.

वळीव येतो तेव्हा हेच मास्तर आमचा जीव वाचवतात. एप्रिल-मेच्या दुपारी डोंगरामागं ढग काळा झाला की त्यांची शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजली की होडी काठाला, तिथं वाद नाही. एकदा मी म्हटलं, मास्तर, अजून दहा मिनिटं. त्यांनी परत शिट्टी वाजवली. काठाला लागले आणि पाचव्या मिनिटाला असा वारा सुटला की बांधलेल्या होडीचं शीड गुंडाळायला तिघं लागले. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालत नाही, निदान काठावर तरी.

होडीत आणखी एक गंमत होते. सुकाणू ज्याच्या हातात, त्याचा शब्द चालतो. डॉक्टरांना दवाखान्यात कुणी उलटून बोलत नाही, इथं सोळा वर्षांचा पोरगा त्यांना सांगतो, "काका, दोरी सोडा. सोडा म्हटलं की!" आणि डॉक्टर सोडतात. परत येताना सुकाणू डॉक्टरांकडं, पोरगा दोरीला. मला स्वतःला आधी सुकाणूचीच भीती वाटायची, दोरीवर बरी होते. एका रविवारी रिक्षावाल्यानं काही न बोलता सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला आणि पुढं जाऊन बसला. घरात, नोकरीत, कुठंही इतक्या कमी शब्दांत मला कुणी काही सोपवलेलं नाही. त्या दिवशी आम्ही दोनदा कलंडलो. तो हसला नाही. म्हणजे, दुसऱ्यांदा हसला.

कलंडणं हे तुम्हाला आवडेल. तुमच्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपते. इथं होडी आडवी झाली की सुरू होते. पाण्यात उडी, पोहत बुडाकडं जायचं, त्या उभ्या फळीवर चढून काठ धरायचा आणि अंग मागं टाकायचं. सावकाश डोलकाठी पाण्यातून वर येते, शिडातून पाणी निथळतं, होडी उभी राहते आणि तुम्ही ओल्या मांजरासारखे आत पडता. वजन जितकं जास्त तितकं हे सोपं.

कोल्हापूर म्हणजे डोंगराकडंचं गाव, आपला नि शिडाचा काय संबंध, असंही तुमच्या पाहुण्यांपैकी धाकटा म्हणाला. संबंध जुना आहे. 1731च्या वारणेच्या तहानंतर सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या गादीकडं राहिला आणि मालवणातून कोल्हापूरकरांची गलबतं फिरत होती. इंग्रजांना त्यांचा इतका त्रास झाला की 1765 साली त्यांनी किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, आणि मग तह करून तो परत द्यावा लागला. मालवण हातचं गेलं ते 1812च्या तहात. म्हणजे दोनशे वर्षांचा खंड पडला एवढंच. पुढं आपल्याकडं धरणं झाली, राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी, पाटगाव. समुद्र गेला, पाणी आलं. त्याचा आरमाराशी काही संबंध नाही हे मलाही कळतं, पण रविवारी काठावर बसून असं बोलायला बरं वाटतं.

आता शर्यतीचं. खोटं बोलत नाही, दोन होड्या एका दिशेनं निघाल्या की शर्यत लागतेच. कुणी बोलत नाही, पण दोघंही शीड जरा घट्ट ओढतात आणि तिरक्या नजरेनं दुसऱ्याकडं बघतात. ईर्षा आमच्या रक्तातही आहे, आम्ही काय सांगलीचे नाही. (सांगलीच्या पाहुण्यांनी राग मानू नये, आमचे व्याही तिकडचेच आहेत.) पण काठाला आल्यावर कोण जिंकलं हे कुणी विचारत नाही आणि मास्तरांच्या वहीत त्याला रकाना नाही.

ट्रॉफी आली की पहिली गोष्ट काय होईल सांगा? निवड. पेठेचा संघ पाडायचा म्हटल्यावर चांगले दोघं निवडायचे. कॉलेजची पोरं जातील. रिक्षावाला कदाचित जाईल. मी काठावर, मास्तर तर काठावरच, आणि चहासुद्धा प्रायोजकाचा येईल. त्यात तुमची चूक काही नाही, शर्यतीचा तो धर्मच आहे. आणि निवडून घेणाऱ्या जागा कोल्हापुरात कमी नाहीत. खासबागेच्या कुस्ती मैदानात निवड आहे, स्टेडियमवर निवड आहे, आणि तिथं ती शोभते. चुकत-माकत शिकणाऱ्या माणसाला, तेही पन्नाशीच्या बाईला, दुसऱ्या रविवारीही हाक मारणाऱ्या जागा मात्र मोजक्या. आमची एक आहे ती तशीच राहू द्या. उद्या पोरांना खरंच शर्यतीत उतरायचं झालं तर ती मुंबईला जातील, हैदराबादला जातील, आम्ही टाळ्या वाजवायला जाऊ. ते वेगळं.

आणि काठावर स्पीकरच्या भिंती लागल्या तर मास्तरांची शिट्टी कुणाला ऐकू येणार, हाही मुद्दा आहेच.

आता मला काय हवंय ते. तीन गोष्टी.

पावसाळ्याचे चार महिने आमची लेझर पॅटर्नमेकरच्या गोठ्यात असते आणि म्हैस तिच्यावर डोकं घासते. ज्या मंडळाचं मंडपाच्या साहित्याचं गोडाऊन आहे, त्यांनी एका भिंतीला जागा दिली तर होडी, डोलकाठी आणि दोन वल्ही तिथं मावतील. गणपतीत तुमचं साहित्य बाहेर पडेल तेव्हा आम्ही उचलायला येऊ, ही परतफेड.

दुसरं, जुने फ्लेक्स टाकू नका. शिडाला नको, होडी झाकायला हवेत. चेहरा कुणाचाही चालेल.

तिसरं, माणसं. ट्रॉफी देणारी नको, दोरी धरणारी. जोरदार वाऱ्यात होडी एका अंगाला कलायला लागली की पट्ट्यात पाय अडकवून बाहेर, पाण्यावर आडवं व्हावं लागतं, तेव्हा ऐंशी-नव्वद किलोचा पैलवान म्हणजे सोनं. माझं वजन त्यासाठी कमी पडतं, हे वाक्य लिहिताना मला फार आनंद होतोय. आणि पैलवानच कशाला? ज्यांच्या बहिणी खिडकीतून तुमचा कट्टा बघत मोठ्या झाल्या, त्यांनी बहिणीला आणा. पोहायला यायला हवं असं नाही, मास्तरांकडं बघा. जॅकेट आम्ही देऊ.

ठिकाण इथं लिहीत नाही, नाहीतर येत्या रविवारी तिथं पन्नास गाड्या लागतील आणि मासे धरणारा गडी माझ्या नावानं शंख करील. तुमचे जे दोन कार्यकर्ते येऊन गेले त्यांच्याकडं माझा नंबर आहे. सकाळी सहाला निघतो. कपड्यांचा एक जोड जास्तीचा घ्या, चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधा, आणि गाडीची किल्ली खिशात ठेवू नका, काठावर मास्तरांकडं द्या. डॉक्टरांची अजून तळाशी आहे.

कळावे, लोभ असावा,

आपली,
मंगळवार पेठेतली एक खलाशी